चारमिनारच्या दारातली आई

आईच्या देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत चांदीचा एक रुपया आहे. निजामाच्या काळातला, हाली शिक्क्याचा. एका बाजूला फारसी अक्षरं, दुसऱ्या बाजूला चार मनोरे, मधे कमानीचं दार आणि दारात काहीतरी. लग्न होऊन आई नांदेडला आली तेव्हा तिच्या सासूनं तो तिच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, ही माहूरची आई. तेव्हापासून आज साठ वर्षं होत आली, आई रोज सकाळी अनामिकेनं त्या दारात गंध लावते.

तो चारमिनार आहे हे मला शाळेत असतानाच कळलं होतं. आईला मी कधी सांगितलं नाही. उगाच कशाला, असं वाटायचं.

परवा मोबाइलवर एक व्हिडिओ आला. जुनी नाणी लाखाला जातात म्हणे. माझं डोकं फिरलं. विकायचं होतं का? नाही. मग किंमत कशाला काढायची, असं बायकोनं विचारलं आणि मी तिच्यावरच खेकसलो. जन्मभर गणित शिकवलं. घरात एक वस्तू आहे आणि तिचं उत्तर आपल्याला माहीत नाही, हे सहन होईना. आईला म्हटलं, "चांदी तपासून आणतो."

"नेऊन आण," ती म्हणाली. "पर सांजच्याला तिला घरी आण. ती येईस्तोवर म्या जेवणार न्हाई."

निघण्यापूर्वी मी शहाणपणा केला. वस्तू कशी लख्ख दिसली पाहिजे, म्हणून रांगोळीच्या पुडीनं ते नाणं चांगलं घासलं.

आधी गल्लीतल्याच सराफाकडे गेलो. त्यानं काट्यावर टाकलं, वजनाचा भाव सांगितला आणि वर म्हणाला, "हालीत चांदी कमी असती सर, त्याची तूट कापावी लागंल." एवढ्यावर घरी यायला हरकत नव्हती. पण त्यानंच लातूरच्या एका कापड दुकानदाराचं नाव काढलं. नाण्यांचा नादिष्ट, जिल्ह्याबाहेरून लोक दाखवायला येतात म्हणे. मी सरळ लातूरची बस धरली.

दुकानदार माझ्याच वयाचा, कपाळावर भस्माचे पट्टे. मी नाणं चिमटीत धरून पुढं केलं तर तो जवळजवळ ओरडला. "कडेला धरा सर, कडेला! तोंडावर बोट न्हाई लावायचं." मग भिंग डोळ्याला लावून नाणं उजेडात तिरकं केलं आणि कपाळाला हात मारला.

"कशानं घासलंत हे?"

"रांगोळीनं."

"अहो, दगडाची पूड हाय ती! साऱ्या अंगावर ओरखडे उठलेत. निम्मी किंमत तुम्हीच खाल्ली."

 माणसानं किती गाढव असावं याला काही मर्यादा असते, ती मी सकाळीच ओलांडली होती.

त्यानं नाणं उलटंपालटं केलं. मलाही भिंगातून दाखवलं. फारसी बाजू जवळजवळ कोरी करकरीत. मनोरे ठसठशीत, कडेचे दातेसुद्धा शाबूत. फक्त दार गुळगुळीत. "बाजारात फिरलेलं नाणं दोन्ही अंगानं झिजतं," तो म्हणाला. "हे एकाच जागी झिजलंय. असं म्या कधी बघितलं न्हाई. आन् सारी मेख त्याच जागी हाय."

मेख अशी की दारात एक फारसी अक्षर असतं, निजामाच्या नावाचं पहिलं. सुरुवातीच्या रुपयांवर ते अर्धंच आहे, नुसतं डोकं. पुढच्यांवर पूर्ण, डोकं आणि खाली शेपूट. अर्ध्याचे रुपये दुर्मिळ, पूर्णाचे पोत्यानं मिळतात. आणि आमच्या नाण्यावर जे साल होतं, त्या सालात दोन्ही प्रकारचे पाडले होते.

"म्हणजे किंमत किती?"

"अर्धं असंल तर एक, पूर्ण असंल तर दुसरी, दिसंना तर चांदीची. दिसायला तर काहीच न्हाई राहिलं. झिजायच्या आधी कुणी बघितलंय का?"

परतीच्या बसमध्ये माझं डोकं भणभणत होतं. नाणं दुर्मिळ आहे की नाही, याचं उत्तर आता कुठल्याच भिंगात नव्हतं. ते फक्त आईपाशी होतं.

घरी पोचलो तेव्हा ती देव्हाऱ्यासमोर उपाशी बसली होती. रुपया तिच्या हातात देऊन मी विचारलं, "आई, हा चारमिनार आहे, तुला ठाऊक आहे का?"

"न ठावं असायला म्या काय येडी हाय? घर कुणाचं का असंना, दारात माझी आई हाय."

मी खजील झालो, तरी थांबलो नाही. "आजीनं तुला दिलं तेव्हा दारात काय दिसायचं? नीट आठव."

तिनं तळहातावर बोट फिरवलं. "असं डोकं व्हतं." बोट थांबलं. "खाली पदर... व्हता का न्हाई रे? आता का दिसंना?"

माझ्यातला मास्तर पटकन बोलून गेला. "रोज बोट लावून लावून झिजलं ना ते."

तिनं नाणं डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाली, "म्हंजे म्याच पुसली व्हय तिला?"

 नाणं आधीच तसं होतं, बाजारात झिजलं असेल, मी रांगोळीनं घासलं म्हणून असेल, असं काहीबाही सांगत सुटलो. दिवसभर खरं काय ते शोधत फिरलेल्या मी एका दमात तीन थापा मारल्या. तिनं ‘हाव, हाव’ म्हणत मान डोलावली आणि दोन घास खाल्ले. माझी मलाच लाज वाटत होती.

सकाळी तिनं देव धुतले, गंध उगाळलं आणि मला हाक मारली.

"आजपासून तू लावत जा. माझं बोट लई खरबरीत हाय."

मी अनामिका गंधात बुडवली. गुळगुळीत दारात नेमकं कुठं लावायचं, ते मला कळेना. आईनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "हळू लाव."