सात कागदी शेंड्या

एका संध्याकाळी मी सात मुलांच्या शेंड्या कापल्या.

कागदाच्याच होत्या. पण त्याने काही फरक पडत नाही, निदान उत्तरेतल्या आमच्या या ब्रह्मा घाटावर, मराठी गुरुजींच्या वस्तीत तरी नाही! माझे सासरे, म्हणजे आबा, वेदपाठी. केस कापायला बसले की न्हाव्याला आधी तंबी देणार, "पीछेवाला सँभाल के, भैया!" आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलाची, चिन्मयची, मुंज वैशाखातच झालेली. म्हणजे घरात दोन शेंड्या रोज माझ्या डोळ्यांसमोर हिंडतात. तरीही हे माझ्या हातून झालं.

मी जवळच्याच प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवते. तिसरीच्या वर्गाला (चिन्मय त्याच वर्गात आहे, बिचारा!) मी सावलीचित्रं करायला दिली होती. आधी मुलांनी कागद रंगवले. हळदीच्या पाण्यात पिवळे, बिटाच्या पाण्यात गुलाबी, चहात तपकिरी. त्याच रंगांत हात, शर्ट आणि शाळेची एक भिंतही रंगली. मग भिंतीला काळा कागद लावायचा, समोर दिवा ठेवायचा, मधे एकाने एका अंगाने बसायचं आणि दुसऱ्याने त्याच्या सावलीची कड खडूने गिरवायची.

"अबे, हिल मत!"

"नाक में खुजली हो रही है!"

"तो खुजली भी बना दूँ?"

गिरवलेलं डोकं कापून रंगीत कागदावर चिकटवलं की झालं चित्र.

चिन्मय मुंजीपासून शाळेत टोपी घालून जायचा, कारण मुलं शेंडी ओढायची. त्या दिवशी दिव्यासमोर बसताना त्याने पहिल्यांदाच टोपी काढली, भिंतीवरच्या सावलीकडे पाहिलं आणि चक्क खूश झाला! घरी येऊन आबांना म्हणाला, "आबा, उद्या प्रदर्शनाला पक्का या हं. माझं चित्र फट से ओळखाल, शेंडी आहे ना!" आबा एरवी शाळेच्या कार्यक्रमांना फिरकत नाहीत. पण ते लगेच "येतो" म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. मलाही भरून आलं.

इथेच मी स्वस्थ बसायला हवं होतं. पण मला टापटिपीची सवय आहे (घरचे तिला खोड म्हणतात). अठ्ठावीस काळी डोकी चिकटवायला मी घरी आणली होती. बोथट कात्र्यांनी कापलेली, कुठे कानाशी कागदाचा कोपरा, कुठे मानेवर शेपटी. मी चष्मा चढवला, छोटी कात्री घेतली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत सगळं साफ करत सुटले. काही डोक्यांच्या मागे तर एकाच जागी सारखाच तुकडा बाहेर आलेला. मनात म्हटलं, काय ही मुलं, चुकतात तीसुद्धा सगळी एकाच जागी! आणि कचाकच तेही उडवून टाकले.

सकाळी शाळेत चित्रं टांगताना चिन्मय त्याच्या चित्रासमोर थबकला.

"आई, माझी शेंडी?" (शाळेत मला मॅडम म्हणायचं ठरलेलं. पण वेळ तशी नव्हती.)

"कुठली शेंडी?" मी म्हणाले, आणि तो एकाच जागी आलेला तुकडा मला आठवला.

"कापलीस?"

"साफ केली रे..."

"आबा येणार आहेत," तो हळूच म्हणाला. रडला असता तर बरं वाटलं असतं. मुंजीनंतर पहिल्यांदा पोरगं मोकळ्या डोक्याने बसलं होतं आणि त्याच्या आईनेच कात्री चालवली होती! मी सरळ खाली बसले आणि स्वतःचे दोन्ही कान धरले. त्याने जरा विचार केला.

"तुला शिक्षा होणार. पण पहले गोंद दे."

काळ्या कागदाच्या कपट्यांतून त्याने शेंडी कापली आणि आपल्या चित्राला चिकटवली. तेवढ्यात घाटावरच्या गुरुजींच्या घरांतली, शेंडीवाली बाकीची सहा मुलं धावली. "मैडम ने हमारी भी काट दी!" मग ज्यांना शेंडी नाही तीही आली.

"हमको भी लगाओ!"

"तेरी तो है ही नहीं!"

"तो क्या हुआ, फोटो में रहेगी!"

मी "अरे, अरे" म्हणत होते. पण सात शेंड्या कापलेल्या बाईचं कोण ऐकणार? अकरा वाजता पालक आले तेव्हा अठ्ठावीसच्या अठ्ठावीस डोक्यांना शेंड्या होत्या. वेण्यांवाल्या मुलींनासुद्धा!

"मैडमजी, हमारी बिटिया का जनेऊ कब हो गया?" एका आईने विचारलं.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "यह कौन-सी शैली है?"

"लोककला," मी म्हणाले.

आणि मग आबा आले. चिन्मयचा हात धरून एकेका चित्रापुढे थांबू लागले. शेंडीवरून ओळखायची सोय आता उरलीच नव्हती! पण एका पिवळ्या कागदापुढे ते थांबले आणि म्हणाले, "हा आमचा."

"कसं ओळखलंत?" चिन्मयने विचारलं.

"इतकं ताठ दुसरं कोण बसलंय रे?"

चिन्मयची छाती आणखीच ताठ झाली. माझा जीव भांड्यात पडला.

पण आबा पुढे सरकले. दाराजवळ एक चित्र होतं, मी न टांगलेलं. गुलाबी कागदावर जाडजूड डोकं, नाकावर चष्मा, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आणि मागे चांगली वीतभर शेंडी! चिन्मय माझ्याकडे बघून गालात हसत होता.

आबांनी आदराने हात जोडले. "हे कुठले गुरुजी? पाहिल्यासारखे वाटतात."

"वाटणारच, आबा," मी म्हणाले. "तुम्हाला रोज आमटी तेच वाढतात."