आईच्या नावाचा मालक

लहानपणी मामा आईला ज्या लाडक्या नावानं हाक मारायचा, तेच नाव आम्ही तिच्या मसाल्याला दिलं. हे नाव आधार कार्डावर नाही, कुठल्या दाखल्यावरही नाही. ते फक्त मामाच्या तोंडात होतं. मसाला आधी नागपुरात आमच्या गल्लीत विकला गेला, मग बुटीबोरीच्या खानावळींत. मी सोशल मीडियावर पान काढल्यावर पुण्याहूनही मागणी येऊ लागली.

ट्रेडमार्क घ्यायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, "मालक म्हणून दादाचं, तुह्या मामाचं नाव लाव."

"मसाला तू करतेस ना, आई?"

"लग्नाच्या पत्रिकेत पयले कोणाचं नाव राह्यते? मोठ्याचंच ना? अन् तुले शिकवलं कोणं?"

आम्ही तेव्हा गावी राहायचो; तालुक्याच्या शाळेतून मी नागपुरात कॉलेजसाठी आलो तेव्हा जवळच कन्हानला मामाकडेच राहिलो. स्वतःच्या मुलाला ओसरीत झोपवून त्यानं मला अभ्यासाला खोली दिली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर त्या खोलीत घडला. मालकाच्या रकान्यात मी मामाचं नाव भरलं, आणि भरताना मला बरंच वाटलं.

पुढे एका ऑनलाइन बाजारात आमचं पाकीट दिसलं. नाव तेच, रंग तोच, आईचा फोटोसुद्धा तोच. विकणारा मात्र भलताच कोणी. मी नकली मालाची तक्रार केली. उत्तर आलं की तक्रार फक्त नोंदणीकृत मालकच करू शकतो. आणि त्याच आठवड्यात आमचं पान बंद झालं. कारण दिलं होतं: मालकाच्या तक्रारीवरून, नकली माल.

आईनं मला ते दोनदा वाचायला लावलं. "नकली म्हंजे मी?" तिनं विचारलं.

आम्ही कन्हानला गेलो. ओसरीत पाकिटांचे खोके रचलेले होते. मामेभाऊ त्यांवर चिकटपट्टी लावत होता.

"काहून गा, असं काहून केलं?" आई त्याला म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही. "बाबाचं नाव हाय कागदावर, आत्या. सही बी बाबाचीच." मग माझ्याकडे पाहून हसला. "खोली बी तुले पाहिजे, नाव बी तुलेच? मी का जलमभर ओसरीतच राहू?"

ज्या खोलीचे आभार मी इतकी वर्षं मानत आलो, तिचं भाडं तो आता आईकडून वसूल करत होता.

आई मामाकडे वळली. "दादा, ते नाव माह्यं आहे."

मामा बाजेवर बसला होता. तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. मग म्हणाला, "ठेवलं तं मीच होतं ना वं."

आई उठली. फाटकाशी पोचलो तेव्हा मामानं मागून त्याच नावानं हाक मारली, "अवं, चहा तं घेऊन जाय!" आई थांबली नाही.

वकील म्हणाले, आधीपासून मसाला विकत असल्याचे पुरावे आहेत, खटला उभा राहील. आईनं विचारलं, "कोर्टात दादाले उभं करतील?" वकिलांनी हो म्हटलं. तिनं तिथल्या तिथे पिशवी उचलली.

आता ती बिननावाच्या पाकिटात मसाला भरते आणि गल्लीतल्या गल्लीत विकते. मामेभाऊ कुठून तरी तयार पूड आणून स्वतःच्या पानावर आईच्या फोटोखाली विकतो. त्याखाली लोक काय लिहितात, ते ती मला मुद्दाम वाचायला लावते. परवा पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं तिला त्या नावानं हाक मारून लिहिलं होतं, 'मावशी, तुम्ही पण लाकडाचा भुसा घालायला लागलात का?'

"त्याईले सांग, तो मसाला माहा नाही म्हणून," आई म्हणाली.

मी तसं लिहिलं. संध्याकाळपर्यंत मालकानं ते काढून टाकलं.