आप्पांच्या कोजागिरीतला बडबड्या

आमचे सासरे, आप्पा, हेडफोन लावण्याआधी चष्मा काढून ठेवत. "डोळे उघडे असले की कान आळशी होतात," हे त्यांचं कारण. डोंबिवलीच्या घरी आरामखुर्चीत बसून ते एकच गाणं ऐकत. सासूबाईंचं. इमारतीच्या गच्चीवर एका कोजागिरीला त्या गायल्या होत्या आणि कोणीतरी ते टेप केलं होतं. सासूबाई गेल्यावर मेघनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते आप्पांच्या फोनमध्ये भरून दिलं.

गाण्यामागे एक पुरुष सतत पुटपुटायचा. शब्द लागत नसत. आप्पांचा संशय वरच्या मजल्यावरच्या पाटणकरांवर. "ती जीव ओतून गातेय आणि हा गाढव बोलतोय. गाणाऱ्याच्या तोंडावर दार लावण्यातलाच प्रकार." जिन्यात पाटणकर दिसले की आप्पा कठड्याकडे बघत उतरत. वर्षानुवर्षं.

मी राहतो घोडबंदर रोडला. तिथल्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास अडकलेल्या माणसाला काहीतरी व्यसन लागतंच. मला डॅकचं लागलं. डॅक म्हणजे फोनमधल्या आकड्यांचा आवाज करून हेडफोनला देणारी डबी. जुनी डबी आप्पांना देऊन मी भारीतली घेतली आणि आठवडाभर घरात सांगत सुटलो, की आता गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मेघना म्हणाली, "मी मारलेली हाक येते का, ते बघ आधी."

पुढच्या रविवारी नवी डबी घेऊन डोंबिवलीला गेलो. म्हटलं, "आप्पा, आज तुमचा गाढव पकडू."

आप्पांनी चष्मा काढला. सुरुवातीला हसले. "अहो, तिच्या बांगड्या वाजतायत." मग हसू थांबलं. गाणं मागे नेऊन त्यांनी पुन्हा ऐकलं आणि हेडफोन माझ्या हातात दिला. अंतरा ऐन रंगात होता, आणि मागे तरुणपणीचे आप्पा कोणाला तरी सांगत होते, "दूध घ्या, गार होतंय. हिचं झालंच आता, मग पत्ते काढू."

"पकडलंत, जावईबापू," आप्पा हळूच म्हणाले.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. डबीतच काही दोष असेल, जुनी लावून बघू या, असलं काहीबाही मी बोलू लागलो.

"नको. डबी चांगली आहे."

चष्मा न लावताच ते जिना चढले. मी मागोमाग. पाटणकरांनी दार उघडल्यावर म्हणाले, "त्या कोजागिरीला तुम्ही बोलत नव्हता." पाटणकर गोंधळले. "कुठल्या कोजागिरीला? बरं, आत तर या, चहा टाकतोय." आप्पा आत जाऊन बसले. बराच वेळ बसले.

त्यानंतर घरात कोणीही गाऊ लागलं, की आप्पा उठून पंखा बंद करत आणि हात मांडीवर ठेवून बसत. त्यांच्या पंच्याहत्तरीला मेघना गायली तेव्हाही तसेच बसले होते. मध्येच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पाणी हवंय.

आप्पा गेल्या वर्षी गेले. पंच्याहत्तरीचा व्हिडिओ मेघना अधूनमधून बघते. परवा म्हणाली, "तुझ्या डबीवर लावून दे ना, स्वच्छ ऐकू येईल."

म्हटलं, वायर सापडत नाहीये. वायर माझ्या खिशातच होती. त्या व्हिडिओत मेघना गातेय आणि मागे एक माणूस तिच्या मामेभावाला नवा डॅक समजावून सांगतोय. त्याला ओळखायला मला कुठलीच डबी लागत नाही.