दव गोठण्याची वाट

मुलीने अमेरिकेतून पातीच्या कांद्याचं बी पाठवलं, ते दिवाळीनंतर पोचलं. पाकिटामागे सूचना होती : दव गोठण्याच्या शेवटच्या तारखेआधी चार आठवडे पेरा. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. सूचना पाळायची, ही जन्माची सवय. शेवटची तारीख कळायची तर आधी पहिली सापडायला हवी, म्हणून रोज पहाटे कानटोपी घालून, थर्मामीटर घेऊन सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊ लागलो. तापमान वहीत लिहायचो. दव पडत होतं. गोठायचं काही मनावर घेत नव्हतं.

बायकोने आठवडाभर पाहिलं. मग म्हणाली, "अहो, खाली चहा गोठलाय. तो लिहा वहीत."

जानेवारी संपत आला तेव्हा मंडईजवळच्या बियाण्यांच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या गृहस्थांना विचारलं, "आपल्याकडे दव गोठण्याची शेवटची तारीख कोणती धरतात?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "महाबळेश्वरला जागा घेतलीत?"

"नाही. सदाशिव पेठेतच राहतो."

"मग वाट बघा." जरा निरखून ते म्हणाले, "सर ना आपण? आठवीला भूगोलाला होतात आम्हाला. पुण्याचं हवामान तुम्हीच शिकवलंत."

"किती मार्क पडायचे तुला?" मी विचारलं.

"काठावर पास व्हायचो, सर. तरी एवढं लक्षात राहिलं."

घरी आलो तर जेवायला पातीची पीठ पेरून केलेली भाजी. टोपलीतले कोंब फुटलेले कांदे बायकोने डिसेंबरातच फुटक्या बादलीत खोचले होते. बादली बाल्कनीत, माझ्या खुर्चीशेजारीच. मी रोज गच्चीकडे बघत तिच्या शेजारून जात होतो. भाजी उत्तम होती. दुसऱ्यांदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. बियाचं काय झालं, तिने विचारलं. मी घसा खाकरला, तेवढ्यात बायकोने फोन घेतला. "पात छान आलीय. तुझ्या बाबांनी फार लक्ष दिलं."

बायकोने पाठवलेला बादलीचा फोटो मुलीने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. 'अमेरिकन कांदा पुण्यात' म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी नमस्कार पाठवला.

बी फेब्रुवारीत पेरलं. चार रोपं आली, ती एप्रिलच्या उन्हात करपली.