रोजची चिमूट

उल्हासनगरच्या बाजारात एका सिंधी शेठच्या किराणा दुकानात ती बाई मला नेहमी दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. वय साठीचं, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत स्वतःचा काचेचा ग्लास. सुटी हळद घेण्याआधी ती ग्लासात पाणी मागायची, वरून चिमूटभर हळद सोडायची आणि ती तळाशी बसेपर्यंत पदराला बोटं पुसत थांबायची. पाणी फिकट राहिलं तरच हळद घ्यायची. मागे रांगेत आम्ही चिडायचो. ती मान वळवायची नाही.

परवा हळद पडताच पाणी गर्द पिवळं झालं. हळदीत रंग होता.

"अम्मा, सब्जी में चुटकीभर तो डलती है," शेठ म्हणाला. "उससे क्या होता है?"

"चिमूट रोज पडते, शेठ. पोरांच्या दुधातपण."

"ठीक है, आपको पॅकेटवाली देता हूँ."

"मला पॅकेट देऊन ही दुसऱ्यांना विकाल. गोणी परत पाठवा."

ती काउंटरला टेकून उभी राहिली. "मला घाई नाही," म्हणाली.

मला होती. पण आमच्या घरीही इथलीच हळद जाते. शेवटी शेठनं गोणीचं तोंड सुतळीनं बांधलं, ती बाजूला ओढली आणि दुसरी उघडली. मग माझ्याकडे बघितलं.

"हळद, पावकिलो," मी म्हणालो.

त्याचा हात काट्याकडे गेला. बाईनं ग्लास विसळून माझ्यासमोर ठेवला.

"आधी पाणी द्या, शेठ," मी म्हणालो.

मागे कुणीतरी वैतागून च्यक् केलं. मी मान वळवली नाही.