मुठीतलं घड्याळ

मराठवाड्यात रागीट माणसांची वानवा नाही. पण नोकरी मागायला आलेल्या माणसावर, तो नोकरी मागतो म्हणूनच चिडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमच्या प्रेस-शॉपचे ते फोरमन. सगळे त्यांना मामा म्हणत. पत्रा ठोकून त्याला आकार देणारी अकरा मशिनं एका छपराखाली दिवसभर आदळायची. त्या छपराखाली वीस वर्षं काढल्यामुळं मामांना जेमतेम ऐकू येई, आणि स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नसल्यामुळं ते चहासुद्धा भांडण काढल्यासारखा मागत. फुलंब्रीहून रोज पहिल्या एसटीनं येत. कंडक्टर त्यांना न विचारताच तिकीट देई, कारण विचारलं तर झोपलेली सगळी गाडी जागी व्हायची.

भरती निघाली की कारखान्यात डॉक्टर यायचे. श्वास आत घ्या म्हणायचे, आणि तो बाहेर पडायच्या आत कागदावर 'फिट' लिहून पुढच्याला बोलवायचे. त्यांचं नाव काढलं तरी मामांच्या कपाळाची शीर ताठ व्हायची. नवी माणसं फोरमनलाही दाखवावीत असा मॅनेजरसाहेबांचा हुकूम होता, तोही त्यांना काम जमेल की नाही एवढंच बघण्यासाठी. मामांनी त्याचा स्वतंत्र दवाखाना करून टाकला. रंगकामाला आलेल्याला ते गेटापासून कँटीनपर्यंत पळवत आणि धाप लागली की हाकलून देत. रात्रभर प्रवास करून आलेल्याला सायकल-स्टँडच्या सावलीत आधी झोपायला लावत. दौलताबादचा एक कव्वाली गाणारा तरुण प्रेसवर लागायला आला, तेव्हा तर ते हातवारे करत त्याच्या मागे गेटाबाहेर गेले. "मियाँ, ये कान ले के इधर कायको आये?" असं ते रस्त्यावर ओरडत होते, आणि तो बिचारा वळून वळून सलाम करत पळत होता. लोक हसायचे. मामांना मात्र त्यात हसण्यासारखं काहीच दिसत नसे. "डॉक्टर बघतंय, माणूस कामाला चालंल का," ते म्हणत. "काम माणसाला चालंल का, ते कोणी बघायचं?"

माझी पाळी आली त्या दिवशी आम्ही सातजण रांगेत होतो. मी आयटीआय करून दोन वर्षं घरी बसलेला. ही नोकरी लागली नाही तर ठरलेलं लग्न मोडणार, हे मुलीकडच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मामांनी मनगटावरचं चावीचं घड्याळ काढलं, मुठीत धरलं आणि एकेकाच्या कानाला लावून विचारायला लागले, "ऐकू येतंय?" पहिले पाचही जण हो म्हणाले. माझ्या पुढं लासूर स्टेशनचा एक उंच माणूस होता. त्यानं कान लावला, थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "नाय येत. बंद असंल तुमचं घड्याळ." गेली याची नोकरी, असं म्हणून मला मनातून बरं वाटलं, हे कबूल करतो. मग मूठ माझ्या कानाशी आली. काहीच ऐकू येत नव्हतं. मी म्हणालो, "येतंय की. चांगलं टिकटिक करतंय."

मामांनी मूठ उघडली. चावी ओढून ठेवलेली होती आणि सेकंदाचा काटा जागेवर उभा होता. एवढे संतापलेले मामा मी नंतर कधी पाहिले नाहीत. "आज बंद घड्याळ ऐकतोस," ते म्हणाले. "उद्या कानात शिट्टी वाजली तरी नाय म्हणशील. परवा कान गेले तरी नाय म्हणशील. ज्याला नाय म्हणता येतं, त्यालाच मशीनवर उभा करायचा असतो." त्यांनी लासूरच्या माणसाच्या नावापुढं 'घ्यावा' लिहिलं आणि आम्हा सहा जणांच्या नावापुढं 'नको, खोटं बोलतो'.

पुढं जे झालं त्याचा संताप मला आजही येतो. कचेरीनं आम्हा सहाही जणांना घेतलं आणि लासूरच्या माणसाला परत पाठवलं. मामांनी दुखलं-खुपलं लपवणारी माणसं शोधून दिली होती, आणि कचेरीला नेमकी तीच हवी होती. हे कळल्यावर मामा कचेरीत जाऊन असे बोलले की टायपिस्ट यंत्र सोडून बाहेर आला. पुढच्या भरतीपासून त्यांनी मुद्दाम उलटं लिहायला सुरुवात केली: खऱ्याच्या पुढं 'खोटं बोलतो' आणि खोट्याच्या पुढं 'घ्यावा'. दोन भरत्यांत चांगली चार सरळ माणसं आत आली. त्यांतल्या एकानं पहिल्याच आठवड्यात आवाजाची लेखी तक्रार केली, सगळं उघडकीला आलं, आणि मामांना नवी माणसं दाखवणं कायमचं बंद झालं.

त्यानंतर त्यांचा सगळा राग आमच्या वाट्याला आला. दर सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी ते मूठ माझ्या कानाला लावत. घड्याळ आता चालू असायचं. मी येतंय म्हणायचो, ते शिवी हासडून स्वतःच्या हातानं माझ्या कानात कापूस कोंबायचे. कानात घालायच्या रबरी बुचांसाठी ते कचेरीशी वर्षानुवर्षं भांडले. शेवटी एक खोका आला. तो कपाटात कुलपात राहिला आणि शॉप बघायला पाहुणे आले की त्यांना वाटला गेला. मी हे डोळ्यांनी बघितलं आणि गप्प बसलो. कधीतरी सोमवारी ती टिकटिक मला ऐकू येईनाशी झाली. नेमकं कधी, ते मला सांगता येणार नाही, कारण उत्तर मी एकच देत होतो. ऐकू येत नाही म्हणणाऱ्याला कचेरी प्रेसवरून काढून झाडायला लावी, आणि मग एक दिवस गेटावरूनच परत पाठवी. घरी बायको होती, दोन मुली होत्या. मामांना हे माहीत होतं, म्हणून ते जास्तच चिडायचे.

मामा निवृत्त झाले, काही वर्षांनी मीही झालो. मागच्या उन्हाळ्यात फुलंब्रीला त्यांच्याकडं गेलो. आम्ही दोघं ओसरीवर ओरडून बोलत होतो आणि मामी मधे बसून याचं त्याला, त्याचं याला खुणांनी सांगत होत्या. बोलता बोलता मामांनी घड्याळ काढलं, मुठीत धरलं आणि माझ्या कानाला लावलं. ओठांवरून मला प्रश्न कळला. तोंडात सवयीचं उत्तर आलं होतं, ते मी गिळलं. म्हणालो, "नाय येत, मामा."

मामांनी कानामागं हात धरला. "काय?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांना नाही ऐकू आलं. मग मामींनी त्यांच्याकडं बघून नुसती मान हलवली. मामांनी मूठ उघडली. काटा फिरत होता. तो त्यांनी बराच वेळ बघितला, घड्याळ मनगटावर बांधलं आणि मामींना चहा टाकायला सांगितला, इतक्या हळू की मला ते ओठांवरूनच कळलं. शिवी दिली नाही, काही नाही. त्या दिवशी ते माझ्यावर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.