नाव सांगितलं

माझी लेक मोबाईलवर कोरियन भाषा शिकते. काल मी भाकरी थापताना ती म्हणाली, “आई, तिथं नावाला एक अक्षर जोडलं की कुणाविषयी बोलतोय ते कळतं. दुसरं जोडलं की कुणी केलं ते कळतं.”

“मग तिथल्या बाया मार कसा लपवतात गं?”

ती माझ्या भुवईवरच्या टाक्यांकडे बघत राहिली. गेल्या आठवड्यात ह्यांनी तांब्या फेकून मारला, तेव्हा रक्त पिठात सांडलं होतं. दवाखान्यात मी “पडले” एवढंच म्हणाले. आमच्यात नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतात.

आज टाके काढताना सिस्टरनं विचारलं, “ताई, कुणी मारलं?” मान खाली घालूनच मी ह्यांचं पूर्ण नाव सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं. तिथून आम्ही मायलेकी घरी गेलो नाही.